पलीकडच्या गिऱ्हाईकावर उभे राहिलेले मॉल

पुण्याहून बेळगावला किंवा बंगळूरला गाडीने जाणारा माणूस काटा कितीही खाली आला तरी कागलपर्यंत दम धरतो आणि कोगनोळी नाका ओलांडून निपाणीकडे लागला की मग निवांत पंपावर गाडी घेतो, कारण गेली काही वर्षं कर्नाटकात पेट्रोल-डिझेल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतंय आणि हे कोल्हापूरच्या ट्रकवाल्यापासून हिंजवडीच्या आयटीवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. कंपनी तीच, तेल तेच, फरक फक्त दोन राज्यांच्या टॅक्सचा. मग जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने विक्रीकर वाढवला, पेट्रोल एका झटक्यात ३ रुपयांनी महागलं आणि तो फरक बराचसा आटला. पंपवाल्याचं काहीच चुकलं नव्हतं, तरी त्याच्या धंद्याचा पाया थोडा सरकला.

आता पंपाच्या जागी अख्खा मॉल धरा. शंभरावर दुकानं, हजारो गाड्यांचं पार्किंग, फेडायला पंधरा-वीस वर्षं लागतील असं कर्ज, आणि राज्याच्या हद्दीऐवजी दोन देशांची सीमा. असे मॉल जगात बरेच आहेत, अमेरिका-कॅनडा सीमेवर, अमेरिका-मेक्सिको सीमेवर, सिंगापूरच्या पलीकडे जोहोरमध्ये. ते दणक्यात चालले, मग ओस पडले, आणि काही आता वेगळ्याच रूपात उभे राहतायत. आपल्याकडे मॉल बंद पडला की "ऑनलाइनने खाल्लं" म्हणून आपण मोकळे होतो, पण सीमेवरच्या मॉलची गोष्ट नीट बघितली तर कळतं की ऑनलाइन फार नंतर आलं, मोठे घाव त्याच्या आधीच बसले होते.

आधी मॉल पैसे कमावतो कसा ते बघू, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मॉलचा मालक कपडे-बूट विकत नाही, तो जागा भाड्याने देतो. एक-दोन मोठी दुकानं असतात, त्यांना या धंद्यात अँकर म्हणतात, त्यांना चौरस फुटाला अगदी कमी भाडं लावतात कारण गर्दी ते ओढतात, आणि त्या गर्दीच्या वाटेवर जी छोटी छोटी दुकानं असतात त्यांच्याकडून तगडं भाडं घेतात. भाडं बहुतेक दोन भागांत असतं, एक ठरलेली किमान रक्कम आणि वर विक्रीतला टक्का. म्हणजे तुम्ही-आम्ही नुसते एसीची हवा खायला गेलो तर मालकाला फार काही मिळत नाही, खरेदी व्हायला लागते. आणि बऱ्याच करारांत एक कलम असतं की अँकर निघून गेला तर छोट्या दुकानांना भाडं कमी करून मागता येतं किंवा करार मोडून जाता येतं. त्यामुळे एक मोठं दुकान गेलं की सहा महिन्यांत दहा शटर खाली येतात, मग गर्दी अजून घटते, मग अजून दहा. मॉलची पडझड अशी साखळीने होते.

दुसरी गोष्ट म्हणजे वर्तुळ. मॉल बांधायच्या आधी बिल्डर नकाशावर वर्तुळ काढतो, गाडीने वीस-तीस मिनिटांत किती घरं येतात, त्या घरांत पगार किती. पुण्यात बघा, विमाननगरचा फिनिक्स २०११ मध्ये आला तो खराडी, कल्याणीनगर, वडगाव शेरी असं सगळं भरत चाललं होतं तेव्हा, आणि वाकडचा मिलेनियम सप्टेंबर २०२३ मध्ये उघडला तेव्हा हिंजवडी, बाणेर, पिंपरी-चिंचवड सगळं त्याच्या वर्तुळात आयतं होतं. सीमेवरच्या मॉलचं हेच वर्तुळ अर्धं दुसऱ्या देशात पडतं. कधीकधी अर्ध्याहून जास्त. आणि त्या अर्ध्या भागात चलन वेगळं, टॅक्स वेगळा, सरकार वेगळं आणि मधे एक गेट, जे कुणीतरी तिसराच माणूस कधीही बंद करू शकतो. शेजाऱ्याच्या विहिरीवर बागायत करण्यासारखं आहे हे, पाणी आहे तोवर पीक जोमात येतं पण मोटरचं बटण आपल्या हातात नाही.

उदाहरण घेऊ बेलिंगहॅमचं. सिॲटल तर पुणेकरांना आता सदाशिव पेठेइतकं ओळखीचं झालंय, घरटी एक पोरगं तिथे आहे, तर त्या सिॲटलहून हायवेने वर उत्तरेला दीडेक तास गेलं की बेलिंगहॅम लागतं आणि तिथून अर्ध्या तासावर कॅनडाची सीमा, पलीकडे व्हँकुव्हर. १९८८ मध्ये इथे बेलिस फेअर नावाचा मॉल उघडला. गावाची वस्ती तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास, आणि एवढ्याशा गावाला एवढा मॉल कशाला असा प्रश्न पडावा इतका मोठा. तो त्या गावासाठी नव्हताच मुळी. तो व्हँकुव्हरच्या लोकांसाठी होता.

आणि वेळ अशी साधली की काय सांगावं. जानेवारी १९९१ मध्ये कॅनडाने ७ टक्के जीएसटी आणला, म्हणजे आपल्यासारखाच जीएसटी पण आपल्या सव्वीस वर्षं आधी, आणि तो बिलावर वेगळा छापून यायचा त्यामुळे लोकांच्या डोळ्यात भरायचा. वर प्रांताचा विक्रीकर वेगळा. ओंटारिओ प्रांतात तर रविवारी दुकानं उघडायलाच १९९२ पर्यंत बंधनं होती. दूध, चीज, चिकन कॅनडात आजही महाग, कारण तिथे सरकार शेतकऱ्याला उत्पादनाचा कोटा ठरवून देतं आणि बाहेरून येणाऱ्या मालावर जबर कर लावतं. (शेतकऱ्याच्या बाजूने ही पद्धत मला चांगली वाटते, आपल्या दूधवाल्या शेतकऱ्याला अशी हमी असती तर, पण तो वेगळा विषय.) आणि या सगळ्यावर कडी म्हणजे १९९१ च्या शेवटी कॅनडाचा डॉलर जवळजवळ ८९ अमेरिकी सेंटपर्यंत चढला. महाग देश, भारी चलन, शेजारी स्वस्त देश. लोक सुटले. १९९१ या एका वर्षात कॅनडाच्या लोकांनी गाडीने सकाळी जाऊन त्याच दिवशी परत अशा सुमारे ५ कोटी ९० लाख फेऱ्या केल्या, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा होती २ कोटी ८० लाखांच्या आसपास. म्हणजे तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी दोन फेऱ्या. अमेरिकेतल्या बफेलो शहराजवळ वॉल्डन गॅलेरिया नावाचा मॉल १९८९ मध्ये उघडला होता, तो टोरंटोच्या बाजूच्या लोकांनी भरायला लागला. सीमेवरच्या गावागावात असे मॉल उठले.

पण पुढे बघा काय झालं. दुकानं तीच, माल तोच, सेल तेच, फक्त कॅनडाचा डॉलर घसरत घसरत जानेवारी २००२ मध्ये ६२ सेंटच्या खाली गेला. हिशोब करून बघा, १०० अमेरिकी डॉलरचे बूट आधी कॅनडाच्या माणसाला ११२ डॉलरला पडत होते, तेच आता १६१ ला. सीमेवर रांगेत थांबा, पेट्रोल जाळा, पोरांची कटकट ऐका आणि वर महाग घ्या, कोण जाईल? त्यात ११ सप्टेंबर २००१ नंतर तपासणी कडक झाली, आधी नुसतं लायसन्स दाखवून, दोन प्रश्नांची उत्तरं देऊन जाता यायचं, २००९ पासून गाडीने जातानाही पासपोर्ट किंवा तसलं पक्कं कागदपत्र लागायला लागलं. चार जणांच्या कुटुंबाला चार पासपोर्ट काढायचे तर तो खर्चही त्या बुटाच्या किमतीत धरायला लागतो.

मग परत उलटं. सप्टेंबर २००७ मध्ये कॅनडाचा डॉलर अमेरिकी डॉलरच्या बरोबरीला आला, १९७६ नंतर पहिल्यांदा, आणि लोक परत सुटले. २०१२ मध्ये कॅनडा सरकारने २४ तास बाहेर राहून येणाऱ्याला करमाफीची मर्यादा ५० डॉलरवरून २०० केली आणि ४८ तासांची ४०० वरून ८०० (त्याच दिवशी परत येणाऱ्याला मात्र तेव्हाही काही सूट नव्हती, आजही नाही). त्या वर्षी बेलिंगहॅमच्या कॉस्टको या मोठ्या घाऊक दुकानात दुधाचे कॅन आणि पेट्रोल यावर कॅनडावाल्यांची इतकी झुंबड उडाली की तिथल्या काही रहिवाशांनी फक्त अमेरिकी लोकांसाठी वेगळी वेळ ठेवा अशी मागणीच फेसबुकवर लावून धरली. मला त्या लोकांचा वैताग समजतो, रोजचं दूध घ्यायला गेलं आणि पार्किंगच मिळत नाही म्हटल्यावर चिडचिड होणारच, पण ज्या गिऱ्हाईकाच्या जिवावर गावातली नोकरी आहे त्यालाच हाकला म्हणणं हे गावाच्या अंगाशी येतं, कारण वॉशिंग्टन राज्यात पगारावर इन्कम टॅक्स नाही, सरकारी खर्च बराचसा विक्रीकरातून चालतो. कॅनडावाला दूध घेऊन जाताना पेट्रोल भरतो, जेवतो, बूट घेतो, आणि त्यातूनच गावाचे रस्ते होतात.

याच काळातला एक प्रकार मला फार बोलका वाटतो. टार्गेट ही अमेरिकेची मोठी चेन, कॅनडावाले सीमा ओलांडून तिच्यात जायचे, तर कंपनीने विचार केला की एवढं प्रेम आहे तर आपणच त्यांच्याकडे जाऊ. २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडायला सुरुवात केली, बघता बघता १३३ झाली, आणि २०१५ मध्ये सगळीच्या सगळी बंद करून कंपनी परत गेली. शेल्फ रिकामी असायची हे एक मोठं कारण, गोदाम आणि कॉम्प्युटरचा घोळ झाला होता, पण दुसरं कारण असं की लोकांनी पलीकडचे भाव पाहिले होते. कॅनडातलं टार्गेट कॅनडाच्या खर्चाने, कॅनडाच्या भावाने चालणार, ते अमेरिकेइतकं स्वस्त कसं देणार? म्हणजे लोकांचं प्रेम दुकानावर जितकं होतं तितकंच मधल्या फरकावर होतं. आणि सीमेवरचा मॉल हा मुळात तो फरकच विकत असतो, बूट आणि दूध हे त्याचं निमित्त. हे एकदा ध्यानात घेतलं की बाकीच्या सगळ्या सीमांवरची गोष्ट आपोआप उलगडते.

मेक्सिकोच्या बाजूला हेच जास्त क्रूरपणे होतं कारण पेसो हळूहळू घसरत नाही, कोसळतो. १९७६, १९८२, १९९४, प्रत्येक वेळी टेक्सासमधल्या लारेडो, मॅकॲलन, ब्राउन्सव्हिल या गावांतली दुकानं महिन्याभरात ओस. डिसेंबर १९९४ नंतर तीन-चार महिन्यांत पेसोची किंमत जवळजवळ निम्मी झाली, म्हणजे मेक्सिकोतल्या मॉन्तेरे शहराच्या माणसाला सगळंच दुप्पट महाग. २०१७ च्या मार्चमध्ये लारेडोत नदीच्या अगदी काठावर, पुलाजवळ नवाकोरा आउटलेट मॉल उघडला, आणि त्याच्या दोनच महिने आधी पेसो डॉलरला २२ च्या आसपास घसरलेला, जो २०१४ मध्ये १३ च्या आसपास होता. मॉलचं प्लॅनिंग होतं तेव्हा १३, फीत कापायची वेळ आली तेव्हा एकोणीसच्या आसपास. कोणता मॅनेजर काय करणार अशा वेळी.

हाँगकाँगचं प्रकरण थोडं वेगळं आहे, तिथे फरक नुसता भावाचा नव्हता, भरवशाचा होता. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन मिसळल्याचं उघड झालं, त्यानंतर चीनमधल्या आईबापांचा देशी पावडरीवरचा विश्वासच उडाला आणि सीमेपलीकडच्या हाँगकाँगमध्ये डबे घ्यायला रांगा लागल्या. शुंग शुई नावाच्या सीमेजवळच्या भागात गल्लीच्या गल्ली मेडिकल आणि कॉस्मेटिकच्या दुकानांनी भरली, किराणावाला, चहावाला भाडं परवडेना म्हणून गेला, आणि स्थानिक आईला स्वतःच्या बाळासाठी डबा मिळेना. शेवटी मार्च २०१३ मध्ये सरकारने नियम केला, माणशी दोनच डबे बाहेर नेता येतील. आणि आज? २०२३ मध्ये कोविडनंतर सीमा उघडल्यावर गर्दी उलट्या दिशेने वाहायला लागली. हाँगकाँगचा डॉलर १९८३ पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला, अमेरिकी डॉलर भारी झाला की तोही भारी होतो, त्यामुळे चीनचा युआन त्यांना स्वस्त पडायला लागला, आणि सीमेपलीकडच्या शेंझेन शहराचे मॉल एव्हाना इतके झकपक झाले की हाँगकाँगचे लोक शनिवार-रविवार तिकडे जेवायला, मसाज करायला, मोठ्या घाऊक दुकानातून सामान भरायला जातात. दहा वर्षांत नदी उलटी वाहायला लागली आणि सीमा एक इंच हललेली नाही.

आपल्या देशात असे सीमेवरचे मॉल का नाहीत असं कुणी विचारेल. राज्यांच्या हद्दीवर एकेकाळी फरक होता, पुण्यात तर शहराच्या वेशीवरसुद्धा होता, जकात नाक्यावर ट्रकची रांग लागायची ते आपल्यातल्या कित्येकांनी पाहिलंय, ती जकात २०१३ मध्ये गेली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर कपडे, टीव्ही, बूट सगळीकडे एकाच करात आले. राहिलं पेट्रोल-डिझेल आणि दारू, हे दोन्ही जीएसटीच्या बाहेर, म्हणून हद्दीवर पंप दिसतात आणि दमणमध्ये दारूची दुकानं दिसतात, मॉल दिसत नाही. नेपाळच्या सीमेवर चलनाचा फरक हलतच नाही, १ रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून तसाच आहे, तरी बिहारच्या रक्सौलला नेपाळच्या वीरगंजहून लोक येतात कारण टॅक्स आणि वाहतुकीमुळे भावात फरक पडतो, आणि नेपाळ सरकारने १०० नेपाळी रुपयांच्या वरच्या सामानावर जकात लावायचा नियम कडक केला की रक्सौलचं मार्केट लगेच थंड पडतं. बांगलादेशच्या सीमेवर मेघालयात कालाईचर इथे २०११ मध्ये सरकारनेच बॉर्डर हाट सुरू केला, आजूबाजूच्या गावातल्या लोकांपुरता, माणशी खरेदीला मर्यादा घालून. छोटी गोष्ट आहे, पण मला पटते, कारण ती तिथल्याच लोकांच्या गरजेवर उभी केलेली आहे.

आता नवं रूप घेण्याबद्दल. त्याआधी मॉल ज्याने जगाला दिला त्याचं नाव घ्यायलाच हवं. व्हिक्टर ग्रुएन, व्हिएन्नाचा ज्यू आर्किटेक्ट, १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर अमेरिकेत पळून आला, आणि १९५६ मध्ये मिनेसोटातल्या कडाक्याच्या थंडीत साउथडेल नावाचा पूर्ण बंदिस्त, आतली हवा सांभाळणारा मॉल त्याने उभा केला. त्याच्या डोक्यात व्हिएन्नाचा चौक होता, आजूबाजूला घरं, शाळा, दवाखाने, बाग आणि मधे लोक भेटतील अशी जागा. बिल्डरांनी त्यातली दुकानं आणि पार्किंग एवढंच उचललं. म्हातारपणी त्याने या सगळ्या मॉलांशी आपला संबंध नाही असं जाहीरपणे सांगितलं. आज जे मॉल वाचवले जातायत ते त्याने मागितलेल्या गोष्टी घालूनच, घरं, क्लिनिक, कॉलेज. सत्तर वर्षं उशिरा, पण होतंय.

सगळ्यात चांगलं उदाहरण नायगारा फॉल्सचं, अमेरिकेच्या बाजूचं. धबधब्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, कॅनडाच्या पुलाजवळ, १९८२ मध्ये रेनबो सेंटर नावाचा मॉल उघडला. टुरिस्ट आहेत, कॅनडावाले आहेत, अजून काय पाहिजे. २००० मध्ये तो बंद पडला आणि गावाच्या मध्यभागी वर्षानुवर्षं रिकामा पडून राहिला. मग २०१२ मध्ये त्याच्या एका भागात तिथल्या कम्युनिटी कॉलेजने स्वयंपाक शिकवणारी संस्था सुरू केली. जिथे दुकानं होती तिथे आता पोरं पोळपाट... म्हणजे त्यांच्या पद्धतीचं कणीक मळणं, बेकिंग, हॉटेलचं किचन सांभाळणं शिकतात, तळाला त्यांचं रेस्टॉरंट आणि बेकरी चालते. अख्खा मॉल काही वाचला नाही, पण जे वाचलं ते डॉलर वधारला काय न् घसरला काय त्यावर अवलंबून नाही, कारण शिकणारी मुलं त्याच परगण्यातली आहेत आणि टुरिस्ट गावात हॉटेलचं काम येणाऱ्या माणसाला काम मिळतंच.

दुसरा प्रकार ब्लेन आणि पॉइंट रॉबर्ट्सचा, ही दोन्ही बेलिंगहॅमच्याच बाजूची, कॅनडाच्या सीमेवरची अमेरिकी गावं. अमेरिकेच्या बऱ्याच वेबसाइट कॅनडात माल पाठवत नाहीत किंवा पाठवायचे भरमसाठ पैसे घेतात, म्हणून कॅनडाचा माणूस पत्ता देतो सीमेलगतच्या पार्सल दुकानाचा, आणि शनिवारी गाडी काढून खोकी घेऊन येतो. म्हणजे ज्या ऑनलाइनने मॉल मारले म्हणतात त्याच ऑनलाइनवर सीमेवरच्या गावाने नवीन धंदा काढला. पॉइंट रॉबर्ट्स तर बघण्यासारखं आहे नकाशावर, अमेरिकेचा एक तुकडा आहे पण जमिनीने फक्त कॅनडाला जोडलेला, वस्ती हजारेक, आणि मोठ्या वर्गातल्या मुलांना शाळेसाठी बसने कॅनडातून जाऊन परत अमेरिकेत शिरावं लागतं. २१ मार्च २०२० ला सीमा बंद झाली आणि कॅनडावाल्यांना गाडीने परत यायला मिळालं ८ नोव्हेंबर २०२१ ला, तेव्हा त्या गावाने काय सोसलं असेल याचा विचार करवत नाही. सगळी गिऱ्हाइकं पलीकडे आणि पलीकडचा रस्ता बंद.

आणि तेवढ्यावरही संपलं नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर टॅरिफ लावले, कॅनडा आमचं ५१ वं राज्य व्हावं अशी भाषा झाली, आणि कॅनडाची माणसं दुखावली. त्यांनी स्वतःहून जाणं थांबवलं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेहून गाडीने परतणाऱ्या कॅनडावासीयांच्या फेऱ्या आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा ३५ टक्क्यांनी कमी होत्या. यावेळी कारण होतं स्वाभिमान, आणि त्यावर कुठलाही सेल चालत नाही.

पुण्यातसुद्धा मॉलनी कात टाकलीय, सीमा नसताना. येरवड्याचा इशान्य मॉल आठवत असेल, घरसजावटीचा मॉल म्हणून काढला होता, नंतर त्याचंच क्रिएटिसिटी झालं, फर्निचर आहेच पण जोडीला खाणंपिणं, मोकळी जागा, कार्यक्रम. आपल्याकडचे जे मॉल पार झोपले त्यांचं एक कारण मात्र इथलंच खास आहे, बिल्डरने गाळे एकेकाला विकून टाकले. दोनशे गाळ्यांचे दोनशे मालक, कुणी नाशिकला, कुणी दुबईला, कुणी भाड्याने दिला मोबाइल रिपेअरला, कुणी कुलूप लावून ठेवला, मग कुठलं दुकान कुठे असावं हे ठरवणार कोण आणि बंद पडलेला एस्केलेटर दुरुस्त करणार कोण. जिथे एकच मालक सगळं भाड्याने देतो तिथे निदान बदल करायचा ठरवला तर करता येतो.

बदल नीट जमलेली सीमा बघायची तर सिंगापूरच्या पलीकडचं मलेशियातलं जोहोर बाहरू बघा, थोडक्यात जेबी. माझा मावसभाऊ सिंगापूरला वुडलँड्समध्ये राहतो, मलेशियाने भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून व्हिसा माफ केल्यावर त्याच्याकडे गेलो असताना त्याने एका शनिवारी पलीकडे नेलं. मधे समुद्राची खाडी, त्यावर जेमतेम एक किलोमीटरचा पूल, आणि त्या एक किलोमीटरला गाडीने कधी दोन-दोन तास लागतात म्हणून आम्ही बसने. जेबीचं इमिग्रेशन झालं की वरच्या वर पादचारी पुलावरून थेट मॉलमध्येच शिरता येतं, सिटी स्क्वेअर, १९९९ चा आहे, आणि शिरल्या शिरल्या पैसे बदलून देणारे ओळीने बसलेत, प्रत्येकाच्या काचेवर आजचा दर, आणि लोक खरोखर तीन ठिकाणी विचारून मग नोटा काढतात. एका सिंगापूर डॉलरला मलेशियाचे तीनच्या वर रिंगिट मिळतात, १९७३ पर्यंत ही दोन्ही चलनं बरोबरीने एकमेकांच्या देशात चालायची. मी वहिनीला विचारलं की तुम्ही इथून नेता तरी काय. ती म्हणाली, "कपडे-बिपडे नाही हो भाऊजी, ते मी घरी बसून मागवते. इथे मुलांचे केस कापायचे, ह्यांचे दात साफ करून घ्यायचे, चष्म्याचा नंबर, मग जेवण आणि जाताना किराणा." आणि मी बघत होतो तर खरंच, कपड्यांची दुकानं रिकामी आणि सलून, दातांचा दवाखाना, चष्म्याचं दुकान, मसाज, हॉटेलं इथे टोकन घेऊन बसलेले लोक. हे सगळं पार्सलने घरी येत नाही. त्यातला फरक मजुरीचा आहे, आणि मजुरीतला फरक चलनाच्या दरासारखा महिन्याभरात पुसला जात नाही.

सिंगापूर सरकारही गप्प बसलेलं नाही. सिंगापूरची गाडी पलीकडे जाताना टाकी किमान पाऊण भरलेली असायला हवी असा १९९१ पासूनचा नियम आहे, नाहीतर दंड, कारण मलेशियात पेट्रोल फार स्वस्त. मलेशियाही आपल्या सबसिडीचं पेट्रोल परदेशी नंबरप्लेटच्या गाडीला देत नाही. सिंगापूरला ४८ तासांच्या आत परत आलात तर १०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्याच सामानाला जीएसटी माफ, आणि सिंगापूरचा जीएसटी २०२४ पासून ९ टक्के झालाय. कोविडमध्ये हा पूल मार्च २०२० ते मार्च २०२२ असा दोन वर्षं जवळपास बंदच होता, जेबीच्या दुकानदारांनी तेव्हा फार हाल काढले.

आता तिथे रेल्वे येतेय. वुडलँड्स नॉर्थ ते जेबीमधलं बुकित चागर, चार किलोमीटर, पाच मिनिटं, तासाला एका दिशेने १०,००० माणसं, आणि दोन्ही देशांचं इमिग्रेशन निघतानाच एका जागी उरकायचं. २०२६ च्या अखेरीला किंवा २०२७ च्या सुरुवातीला सुरू करायचं ठरलंय. सिंगापूरचे दुकानदार आपलं गिऱ्हाईक जाईल म्हणून धास्तावलेत, ते साहजिक आहे. पण मला बुकित चागरच्या आसपास उठणारे राहायचे टॉवर जास्त महत्त्वाचे वाटले. आजही रोज तीन लाखांच्या वर माणसं तो पूल ओलांडतात आणि त्यातली कितीतरी मलेशियाचीच आहेत, पहाटे चारला मोटारसायकल काढून सिंगापूरला कामावर जाणारी आणि रात्री परत येणारी. पगार सिंगापूर डॉलरमध्ये, घर जेबीत. त्यांचे येण्याजाण्याचे चार तास वाचले तर ती माणसं संध्याकाळी सातला आपल्या गावात असतील, पोरांना घेऊन बाहेर पडतील, आणि जेबीच्या मॉलना पहिल्यांदाच एवढं मोठं असं गिऱ्हाईक मिळेल जे रविवारी रात्री सीमा ओलांडून निघून जात नाही.